दाजीच्या वर्गासाठी अकरा प्रश्न

मिलिंद, तुझी कार्डं मी लॅमिनेट करून आणली. आधी हेच सांगून टाकतो. मी नाही सांगितलं तर तुझी आक्का, म्हणजे माझी बायको, सगळ्या पूर्णा गावात सांगेल, आणि तिच्या सांगण्यात मी आहे त्याच्यापेक्षा जास्त येडा दिसतो.

शाळेतल्या तुझ्या कपाटात सापडली ती. सायकलच्या ट्यूबचा रबर कापून बांधलेला गठ्ठा. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर चिकटवलेले ते काळे चौकोनी ठसे, प्रत्येक कार्डावर वेगळा, आणि चारी कडांना बारीक अक्षरात अ, ब, क, ड. कोपरे दुमडलेले. एकावर कुणाच्या तरी डब्यातलं तेल सांडलेलं. मला वाटलं, मिलिंदच्या हातची वस्तू आहे, जपायला पाहिजे. माणूस असताना त्याची कार्डं बघायची नाहीत आणि गेल्यावर त्यांना प्लास्टिकमध्ये घालायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत. परभणीला गेलो, स्टँडसमोरच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, गुरुजी, जाड मारू का पातळ? मी म्हणालो, जाड मार, पन्नास वर्षं टिकली पाहिजेत. त्यानं अशी चकाकी आणली की त्यात बघून दाढी करावी.

दुसऱ्या दिवशी तुझ्या वर्गातल्या पोरांच्या हातात ती दिली. एक सोपा प्रश्न विचारला. पोरांनी कार्डं वर धरली. कार्डांवरचे ठसे वाचून घ्यायला मी तुझा फोन घेऊन समोर उभा. फोन काही ओळखेना. प्रत्येक कार्डात वर्गाची खिडकी दिसायली होती. पंचवीस कार्डं, पंचवीस खिडक्या. मी पुढं गेलो, मागं आलो, शेवटी खुर्चीवर चढलो. पोरं हात दुखेपर्यंत कार्डं धरून बसली. मग प्रांजल, तीच ती, आजीपाशी राहणारी, हळूच म्हणाली, "सर, ते चमकायलंय. मिलिंद सर म्हणायचे, चमकलेलं फोनला दिसत न्हाई." आणि मी खुर्चीवरून उतरताना माझी समजूत काढल्यासारखं म्हणाली, "तुमाला कुणी सांगितलं नसंल."

सांगितलं होतं की. तूच सांगितलं होतंस, मोटारसायकलवर. मी मागं बसून "हो" म्हणालो होतो.

तू कसा गेलास ते मी इथं लिहिणार नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगून सांगून त्या गोष्टीचे माझ्या जिभेला घट्टे पडलेत. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. शेवटी माईक माझ्या हातात आला. घरचा मोठा जावई, शाळेचा मुख्याध्यापक, मी नाही बोलणार तर कोण? मी काय बोललो माहीत आहे? कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ आणि विद्यार्थिप्रिय. गेली वीस वर्षं प्रत्येक निरोप समारंभात मी हेच तीन शब्द वापरतो. तू समोर असतास तर ओठ दाबून हसला असतास. माईकवर जे आलं नाही ते इथं लिहायला बसलोय. तेही नीट येईल याची खात्री नाही.

आपली ओळख माझ्या लग्नातली. तू सहावीत होतास. स्टेजवर माझ्या शेजारी येऊन बसलास आणि माझ्या मनगटावरचं नवं घड्याळ मागून घेतलंस. बुद्धवंदना चालू होती, मला नाही म्हणता येईना. मंगल परिणय आटोपेपर्यंत तू सेफ्टीपिननं त्याचं झाकण उघडलं होतंस. आत काय हाय ते बघायलो, म्हणालास. त्या घड्याळानं नंतर कधी बरोबर वेळ दाखवली नाही. तुझे वडील, रेल्वेतले सरळ माणूस, मला दहा वेळा माफ करा म्हणाले. मी मोठेपणानं म्हणालो, असू द्या, लहान आहे. तू लहान होतास तोवर मला मोठेपणा जमला, हे मला फार उशिरा कळलं.

मग तू डी.एड. केलंस. पहिली नोकरी तिकडं राणीसावरगावकडं. मग बदलीत नेमकी माझीच शाळा. दोन मास्तर, पाच वर्ग. लहान वर्ग तुझे, चौथी-पाचवी माझी. गावातले लोक म्हणायचे, ही काय जिल्हा परिषदेची शाळा न्हाई, ही दाजी-मेव्हण्याची शाळा हाय. तू मला चारचौघांत दाजी म्हणायचास, म्हणून सरपंचही दाजी म्हणायला लागले. अर्ध्या गावाच्या बहिणींशी मी लग्न केल्यासारखं झालं.

पूर्णेहून एकाच मोटारसायकलवर जायचो आपण. तू पुढं, मी मागं दोघांच्या पिशव्या घेऊन. तू मान मागं वळवून बोलायचास, निम्मं वाऱ्यावर जायचं, आणि मी प्रत्येक वाक्याला "हो" म्हणायचो. त्या होकारांच्या जोरावर तू शाळेत काय काय सुरू केलंस ते मला आठवड्यानं कळायचं.

आवाज मोजायचं ते ॲप तू असंच आणलंस. फोन टेबलावर ठेवायचा, त्यात काटा हलायचा. काटा हिरव्यात ठेवायचा हा पोरांचा खेळ. आख्खा वर्ग श्वास धरून बसायचा. एकदा काटा एकदम लाल झाला. पोरं एकमेकांकडं बघायला लागली, कुणीच बोललेलं नव्हतं. तो आवाज भिंतीपलीकडून आला होता. मी माझ्या वर्गाला शांत बसा म्हणत होतो.

मग ते बोललेलं लिहून घेणारं. तू पोरांना म्हणालास, घरी बोलता तसं बोला. एकानं फोनच्या तोंडाशी जाऊन विचारलं, "आज्जे, कुठं जायलीस?" फोननं भलतंच काहीतरी लिहिलं. पोरं लोळून हसली. मग तूच त्यांना फळ्यावर बोलावून, फोन कुठं चुकला ते दुरुस्त करायला लावलंस. जे पोरगं लिहायचं म्हटलं की पोटात दुखतंय म्हणायचं, ते खडू हातातून सोडेना. मी दारातून बघत होतो. पहिल्यांदाच वर्गात चुकणारं दुसरं कुणीतरी होतं, आणि त्याला मारायचं कारण नव्हतं.

आणि तो नकाशा. प्रांजलचे आई-बाप ऊसतोडीला गेले तेव्हाचा. पोरगी बोलायची बंद झाली होती. तू आकाशातून काढलेला नकाशा उघडलास. आधी आपली शाळा शोधली, पत्र्यावर वाळत घातलेल्या चिंचा दिसतात का ते बघितलं. मग रस्ता धरून बोट सरकवत सरकवत थेट त्या कारखान्यापर्यंत. मधली गावं पोरांनी वाचली. अंतर वहीत लिहिलं, ताशी इतक्या वेगानं ट्रॅक्टर गेला तर किती तास, हे गणित घातलं. सगळ्यांची उत्तरं वेगवेगळी आली. प्रांजलचं बरोबर आलं. ती म्हणाली, मी मोजलं होतं मनात, जाताना रडले तवा. तू त्या दिवशी परत येताना गाडीवर एक शब्द बोलला नाहीस. मी मात्र सवयीनं दोन-तीनदा "हो" म्हणालो.

एवढं सगळं बघूनही मी तुला म्हणायचो, शाळेत मोबाईल नको. तू म्हणायचास, पोरांच्या हातात कुठं दिलाय दाजी, माझ्याच हातात हाय. हा वाद आपण कधी संपवला नाही. तो तसाच बरा चालला होता. संपवला असता तर रस्ता कंटाळवाणा झाला असता.

मग तो जानेवारीतला दिवस.

मी चौथीला अपूर्णांक शिकवत होतो. फळ्यावर भाकरी काढली, चार तुकडे केले, तीन तुकडे केले. नेहमीसारखं विचारलं, समजलं का? एकोणीस पोरं एका सुरात "होऽऽ सर" म्हणाली. तू दारात आलास, म्हणालास, दाजी, एक प्रश्न विचारू का कार्डावर? मी म्हणालो, विचार की. मला वाटलं, माझंच कौतुक होईल.

एक तृतीयांश मोठा का एक चतुर्थांश, एवढाच तुझा प्रश्न. पोरांनी आपापल्या उत्तराची कड वर धरली. प्रत्येकाचा ठसा वेगळा, म्हणून शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. तोंडानं काही बोलायचं नाही, म्हणून हसणारं कुणी नाही. तू वर्गावरून एकदा फोन फिरवलास आणि माझ्याजवळ येऊन, पोरांना दिसणार नाही असा, हळूच पुढं धरलास. पाच नावं हिरवी. बाकी सगळी लाल. त्यांचा हिशोब असा, तीनापेक्षा चार मोठा, म्हणून चतुर्थांश मोठा.

तू हळूच म्हणालास, "दाजी, पोरं घाबरून हो म्हणायलेत. कार्ड धरताना घाबरत न्हाईत."

त्याच्यावर मी जे बोललो ते लिहायला मला तीन दिवस लागले. दोनदा कागद उलटा ठेवून उठलो. तू हळू बोलला होतास, मी मोठ्यानं बोललो, एकोणीस पोरांसमोर. "ज्याला तोंडानं शिकवता येत न्हाई त्यानं मोबाईल दाखवावा. मास्तर हायस का मदारी?"

तू पोरांकडून एकेक कार्ड गोळा केलंस, रबर लावलास आणि गेलास. तुझ्या वर्गातला काटा त्या वेळी कुठं होता कोण जाणे.

दुसऱ्या दिवसापासून पूर्णेहून दोन मोटारसायकली निघायला लागल्या. एकाच रस्त्यानं, एकाच वेळेला, तुझी पुढं आणि माझी मागं. तुझी धूळ मी खायचो आणि मनात म्हणायचो, मुद्दाम उडवायलाय. हजेरी, पोषण आहार, केंद्राची बैठक, एवढ्यापुरतं आपण बोलायचो, तेही सर-सर करून. दाजी म्हणायचं तू बंद केलंस. सरपंच मात्र म्हणतच राहिले.

आता कबूल करतो. त्या महिन्यात मी अपूर्णांक पुन्हा पहिल्यापासून शिकवले. घरून खऱ्या भाकरी नेल्या. आक्काला वाटलं, माझी भूक वाढली. शिकवून झालं की मी विचारायचो, समजलं का? पोरं म्हणायची, होऽऽ. आणि त्या "हो"वर माझा आता विश्वास बसेना. तुझ्याकडून कार्डं मागावीत तर जीभ रेटेना. मग ते कार्डं वाचणारं ॲप मी माझ्याच फोनवर घ्यायला गेलो, लपून, शाळेच्या मागच्या लिंबाखाली. भलतंच काहीतरी घेतलं. चार दिवस रोज सकाळी फोन मला माझं भविष्य सांगायचा. एकदा सांगितलं, जवळच्या व्यक्तीशी मतभेद मिटतील. मी ते पुसून टाकलं.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. जूनमध्ये शाळा उघडली. माझी पोरं पाचवीत गेली. मी रोज ठरवायचो, आज बोलू. मग म्हणायचो, तो लहान आहे, त्यानं आधी बोलावं. पावसाळा मध्यावर आला. आणि मग बोलायचा प्रश्नच उरला नाही.

नवीन शिक्षक येईपर्यंत पाचही वर्ग माझ्याकडं आलेत. तुझ्या बायकोनं, वैशालीनं, तुझा फोन आणून दिला. पोरांची नावं याच्यात हायेत म्हणे, शाळेलाच राहू द्या. डोळे पुसत पुसत तिनं मला फोन उघडायची खूण शिकवली, दोन वेळा, कारण पहिल्या वेळी मी नुसतीच मान हलवली होती.

चमकणाऱ्या कार्डांची फजिती झाल्यावर आम्ही नवी केली. पोरांनी घराघरांतून पत्रिका आणल्या. झेरॉक्सच्या साध्या कागदावरचे ठसे, भाताची खळ, दुपारभर तेच. ठसा उलटा चिकटवला की तुझी पोरं मला ओरडायची. मग परत एकदा प्रश्न, परत मी फोन घेऊन उभा. या वेळी एकेक नाव उगवायला लागलं. माझं बोट मध्ये येत होतं, तेही त्यांनीच सांगितलं.

त्याच दिवशी दुपारी, पोरं जेवत असताना, मी ॲपमध्ये पुढं-मागं चाळत होतो. तुझ्या वर्गाच्या खाली आणखी एक नाव दिसलं. "दाजीचा वर्ग."

उघडलं. अकरा प्रश्न होते. सगळे अपूर्णांकांचे, सोप्याकडून अवघडाकडं. एकही विचारलेला नव्हता. पहिला भाकरीचा. चौथा आमच्या घरातला: आक्कानं आणलेल्या जिलेबीतली एक तृतीयांश उरली, तर दाजींनी किती खाल्ली? मी बसल्या जागी हसलो. स्वयंपाकाच्या बाईंनी दारातून बघितलं आणि परत गेल्या. तारीख बघितली तर जूनमधली. आपण सर-सर करत होतो तेव्हाची. मला न सांगता तू माझ्या पोरांसाठी बसून हे केलं होतंस. कधी विचारणार होतास? माझी वाट बघत होतास का?

अकरावा प्रश्न अपूर्णांकाचा नव्हता. सर शिकवतात ते मला समजतं: अ, सगळं. ब, थोडं. क, समजत नाही. ड, समजत नाही, पण विचारायची भीती वाटते.

तो प्रश्न मी दोन दिवस विचारला नाही. तिसऱ्या दिवशी पाचवीला कार्डं वाटली. फळ्यावर चारही उत्तरं लिहिली.  कार्डं वर गेली. दोघं-तिघं बराच वेळ फिरवत राहिले. मी फोन फिरवला.

एकोणिसातली अकरा पोरं ड.

पोरांना मी सांगितलं, नावं मला दिसत नाहीत. दिसत होती, मिलिंद. त्यातली चार अशी होती की मी पाहुण्यांसमोर हुशार म्हणून उभी करायचो.

मी खाली, त्यांच्या बसायच्या पट्टीवर बसलो. विचारलं, कशाची भीती वाटते रे? कार्डावर हे विचारता येत नाही, त्याला तोंडच लागतं.  मग मागून एक जण खाली बघत म्हणाला, "सर, तुमी 'समजलं का' इचारता तवा तुमचा आवाज मोठा होतो."

तेव्हापासून मी ते दोन शब्द वापरायचे सोडलेत. रोज शाळा सुटायच्या आधी तुझा अकरावा प्रश्न तेवढा विचारतो. काल ड धरणारी सात होती. परवा आठ होती, त्याच्या आदल्या दिवशी सहा. एकदम कमी होत नाहीत. माझ्या वीस वर्षांच्या सवयीनं बसवलेली भीती आहे, उतरायला वेळ लागणारच. बाकीचे दहा प्रश्न आम्ही रोज एक असे सोडवतोय. जिलेबीचं उत्तर चौदा जणांचं बरोबर आलं.

तुझं बरोबर होतं. हे एवढंच सांगायचं होतं. त्या दिवशी दारातून तुला हाक मारली असती तर एका दमात सांगून झालं असतं. एका मुद्द्यावर मात्र मी अजून हटत नाही: पोरांनी पाढे तोंडपाठ करायलाच पाहिजेत. ये, आणि भांड. रस्त्यानं मी आता एकटाच असतो. वाऱ्यावर कुणाचं काही वाहून जात नाही, सगळं ऐकू येतं. आणि ऐकण्यासारखं काही नसतं.

एक गोष्ट मला कुठल्याच कार्डावर विचारता येत नाही. ते प्रश्न तू रागानं केलेस का मायेनं? तू माझ्यावर रागावूनच गेलास का?

इथवर लिहून मी ते तुझ्या आक्काला वाचून दाखवलं. ती सुपात तूर निवडत होती. जिलेबीपाशी तिचा हात थांबला, मग परत चालू झाला. वाचून संपलं तरी ती खडेच बघत होती. मग म्हणाली, "राग होता की त्याला. लय होता. हितं बसून बोलायचा माझ्यापाशी. माझा बी हाय तुमच्यावर, अजून." तिनं सूप एकदा पाखडलं. "पण बोलला असता. तुमी न्हाई, तोच आधी बोलला असता."